मैत्रीची साधना आणि न्यायाची मागणी

मैत्री, करुणा, क्षमा हे शब्द दलितांच्या कानांवर बहुधा भलत्याच वेळी पडतात. गावात मारहाण होते, फिर्याद नोंदवायची वेळ येते, आणि मग चार प्रतिष्ठित माणसे घरी येऊन सांगू लागतात : एकाच गावात राहायचे आहे, मन मोठे करा, मिटवून टाका. मन मोठे करण्याचा हा उपदेश मारणाऱ्याच्या घरी जाऊन कुणी करीत नाही. त्यामुळे या शब्दांविषयी आपल्या कार्यकर्त्यांच्या मनात एक संशय घर करून बसला आहे, आणि तो निराधार नाही. ध्यान म्हटले की हा संशय अधिकच बळावतो. डोळे मिटून बसणे म्हणजे अन्यायाकडे डोळेझाक करणे, असे समीकरण चळवळीत बराच काळ रूढ आहे.

परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्या समाजाने ज्या धम्माचा स्वीकार केला, त्या धम्मात मैत्री हा गाभ्याचा शब्द आहे. बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांविषयी दयाभाव बाळगण्याची प्रतिज्ञा आहे, दहा पारमितांचे पालन करण्याचीही आहे. आणि त्या दहा पारमितांत मैत्री व उपेक्षा या दोन्ही येतात. तेव्हा हे शब्द प्रस्थापितांच्या हाती सोडून देणे आपल्याला परवडणारे नाही. मैत्री, करुणा, मुदिता यांची साधना म्हणजे नेमके काय, योगपरंपरेने ती कशी सांगितली, बौद्ध परंपरेने कशी सांगितली आणि न्यायासाठी झगडणाऱ्या माणसाला तिचा उपयोग काय, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

१. योगसूत्रातील तीन बळे

पतंजलीच्या योगसूत्रात हा विषय दोन ठिकाणी येतो. पहिल्या पादातील तेहतिसाव्या सूत्रात चित्त प्रसन्न, म्हणजे निवळ, करण्याचा एक उपाय सांगितला आहे. जे सुखी आहेत त्यांच्याविषयी मैत्री, जे दुःखी आहेत त्यांच्याविषयी करुणा, जे पुण्यशील आहेत त्यांच्याविषयी मुदिता म्हणजे आनंद, आणि जे अपुण्यशील आहेत त्यांच्याविषयी उपेक्षा, अशी ही चार भावनांची वाटणी आहे. येथे 'भावना' या शब्दाचा अर्थ मनात सहज उठणारी ऊर्मी असा नाही. औषधाला रसाची भावना देतात, म्हणजे पुन्हापुन्हा तो रस त्यात मुरवतात. त्याच अर्थाने मनात एखादा भाव पुन्हापुन्हा मुरवणे म्हणजे भावना.

सूत्राचे मानसशास्त्र साधे आणि चोख आहे. सुखी माणूस पाहिला की आपल्याला असूया वाटते; मैत्रीने ती जाते. दुःखी माणूस पाहिला की कधी तिरस्कार वाटतो, कधी आपण त्यातले नाही म्हणून बरे वाटते. करुणेने ते जाते. गुणी माणसाविषयी मत्सर वाटतो; मुदितेने तो जातो.

दुसरा उल्लेख तिसऱ्या पादातील तेविसाव्या सूत्रात येतो. मैत्री इत्यादींवर संयम केला असता, म्हणजे धारणा, ध्यान व समाधी एकवटली असता, बळे प्राप्त होतात, असे हे सूत्र म्हणते. या सूत्रावरील व्यासभाष्यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. भाष्यकार म्हणतो की बळे तीनच : मैत्रीचे, करुणेचे आणि मुदितेचे. पापशील माणसांविषयीची उपेक्षा ही भावनाच नव्हे; म्हणून तिच्यावर समाधी नाही, आणि समाधी नाही म्हणून तिचे बळही नाही. अर्थात योगाच्या या मांडणीत चौथ्या जागी एक पोकळी आहे. दुष्टाचे काय करायचे, या प्रश्नाला तिचे उत्तर एवढेच : त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

अरण्यात राहणाऱ्या योग्याला हे उत्तर पुरेसे असेल. त्याला आपल्या चित्ताची स्वच्छता हवी आहे. पण ज्याच्या वस्तीचे पाणी तोडले गेले आहे, त्याला पाणी तोडणाऱ्याकडे लक्ष न देण्याची सोय नाही.

याहून गंभीर प्रश्न असा की पुण्यवान कोण आणि पापी कोण, हे ठरवणार कोण? छांदोग्य उपनिषदात ज्यांचे पूर्वीचे आचरण वाईट त्यांना कुत्र्याची, डुकराची वा चांडाळाची योनी मिळते, असे सांगितले आहे. ज्या समाजात जन्म हाच पूर्वपापाचा पुरावा मानला गेला, त्या समाजात 'पापशीलांची उपेक्षा' ही भावना कोणाच्या वाट्याला आली असेल, हे वेगळे सांगायला नको. न्यायाने बोलायचे तर पतंजलीने या सूत्रात जातीचा उल्लेख केलेला नाही. अहिंसादी यम हे जाती-देश-काल यांनी मर्यादित होत नाहीत, असेही तो दुसऱ्या पादात म्हणतो. परंतु सूत्र जेथे राबते तो समाज सूत्राला आपला अर्थ देत असतो. मराठीत तर 'उपेक्षा' म्हणजे सरळसरळ हेळसांड असाच अर्थ स्थिर झाला आहे. श्री. म. माटे यांनी अस्पृश्य आणि इतर तळच्या माणसांच्या जीवनावर लिहिले तेव्हा पुस्तकाचे नाव 'उपेक्षितांचे अंतरंग' असे ठेवले. त्या नावातली उपेक्षा कोणत्याही योग्याची साधना नाही; ती समाजाची सवय आहे.

२. बुद्धाने चौकट मोडली

हेच चार शब्द बौद्ध परंपरेत 'ब्रह्मविहार' म्हणून येतात, आणि ही परंपरा योगसूत्राहून जुनी आहे. अनेक अभ्यासक योगसूत्राचा काळ इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकाच्या आसपास मानतात. पाली सुत्ते त्याच्या कितीतरी आधीची आहेत.

दीघ निकायातील तेविज्ज सुत्ताचा प्रसंग पाहण्यासारखा आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण ब्रह्माकडे जाण्याचा सरळ मार्ग कोणता, यावर वाद घालीत बुद्धाकडे येतात. बुद्ध त्यांना विचारतो की तीन वेद जाणणाऱ्या ब्राह्मणांपैकी कुणी ब्रह्माला प्रत्यक्ष पाहिले आहे काय? त्यांच्या गुरूंपैकी, गुरूंच्या गुरूंपैकी? कुणीच नाही. मग तो विचारतो की तुमचा ब्रह्मा वैर धरणारा आहे की निर्वैर? निर्वैर, असे ते सांगतात. आणि तुमचे त्रैविद्य ब्राह्मण? ते मात्र निर्वैर नाहीत, हे त्यांना कबूल करावे लागते. तर मग त्यांचा आणि ब्रह्माचा मेळ कसा बसणार? यानंतर बुद्ध मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा यांनी भरलेले चित्त चारही दिशांना पसरवण्याचा मार्ग सांगतो. जोरकस शंख फुंकणाऱ्याचा नाद जसा चारी दिशांना सहज पोहोचतो, तसे हे चित्त पोहोचते.

जन्माने आणि मंत्राने मिळणारे म्हणून जे सांगितले जात होते, ते बुद्धाने येथे आचरणाच्या कक्षेत आणून ठेवले. ब्रह्म हा शब्द त्याने ब्राह्मणांच्या हातून काढून घेतला आणि कुणालाही साधेल अशा चित्ताच्या अवस्थेला दिला.

दुसरा फरक अधिक मूलगामी आहे. योगसूत्रात प्रत्येक भावनेला एकेक गट वाटून दिला आहे. बुद्धाच्या मांडणीत चारही भावना सर्वांसाठी आहेत. म्हणूनच त्यांना 'अप्पमञ्ञा', म्हणजे मोजमाप नसलेल्या, असे दुसरे नाव आहे. आणि येथे उपेक्षा ही रिकामी जागा नसून चौघींतली सर्वांत कठीण साधना आहे. उप आणि ईक्ष् मिळून हा शब्द झाला आहे. त्यात पाहणे आहे, पाठ फिरवणे नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पारमितांचा अर्थ सांगताना बाबासाहेबांनी उपेक्षा आणि बेफिकिरी यांत मुद्दाम फरक केला. फळाने विचलित न होता, तरीही त्या फळासाठी प्रयत्न करीत राहणे, असा तिचा अर्थ त्यांनी लावला. योगभाष्याने जेथे बळ नाही म्हटले, तेथेच बाबासाहेबांना कार्यकर्त्याचे बळ दिसले.

३. साधनेचा क्रम

पाचव्या शतकात बुद्धघोषाने 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या नवव्या परिच्छेदात या साधनेची रीत तपशिलाने सांगितली. आज महाराष्ट्रात त्रैलोक्य बौद्ध महासंघाच्या (२०१० पासून त्रिरत्न बौद्ध महासंघ) शिबिरांत मेत्ताभावना पाच पायऱ्यांनी शिकवली जाते, तीही मुख्यतः याच वळणाची आहे. इगतपुरीच्या विपश्यना परंपरेतही दहा दिवसांच्या शिबिराच्या शेवटी मंगल मैत्रीची साधना असते.

पद्धत थोडक्यात अशी. शांत जागी ताठ पण सैल बसावे. पहिल्यांदा स्वतःविषयी मैत्री : मी सुखी असो, मी निर्भय असो, माझे भले होवो. मग आपल्याला आदर वाटतो अशा जिवंत माणसाविषयी, गुरू, मित्र वा सहकारी. मग ज्याच्याशी स्नेह नाही, वैरही नाही अशा माणसाविषयी : रोजचा बसवाहक, कोपऱ्यावरचा दुकानदार. मग ज्याच्याशी वैर आहे अशा माणसाविषयी. शेवटी या चौघांना एका रांगेत आणून भाव सारखा करावा आणि तेथून तो सर्वत्र पसरू द्यावा. सुरुवातीलाच वैऱ्यापाशी जाऊ नये, असे बुद्धघोष स्पष्ट बजावतो. तेथे मन तापले तर मागे यावे, पुन्हा मित्रापाशी बसावे. हा सराव आहे. त्यात घाई उपयोगाची नाही.

स्वतःपासून सुरुवात का? यामागे राजा पसेनदी आणि राणी मल्लिका यांच्या संवादाची आठवण आहे. स्वतःहून प्रिय असे कुणी आहे काय, असे राजाने विचारले तेव्हा मल्लिकेने प्रांजळपणे 'नाही' म्हटले. बुद्धाने तिला दोष दिला नाही. जसा मी मला प्रिय तसा प्रत्येक जण स्वतःला प्रिय आहे, म्हणून कुणाला दुखवू नये, असा त्यातून त्याने अर्थ काढला.

दलित विद्यार्थ्याला ही पहिली पायरीच अनेकदा सर्वांत अवघड जाते. जातिव्यवस्थेने केवळ विहीर आणि मंदिर बंद केले नाही. तिने माणसाच्या मनात स्वतःविषयीची शरम पेरली. आडनाव विचारले की अडखळणे, वसतिगृहात घरून आलेला डबा लपवणे, शिकून मोठे झाल्यावर वस्तीकडे फिरकू नये असे वाटणे, ही त्या पेरणीची पिके आहेत. 'माझे भले होवो' हे वाक्य या मनात सहज उमटत नाही. ते उमटवणे हा आत्मसन्मानाचाच भाग आहे.

विसुद्धिमग्गात एक विलक्षण कसोटी दिली आहे. साधक, त्याचा मित्र, एक तटस्थ माणूस आणि एक वैरी असे चौघे बसले आहेत. दरोडेखोर येऊन म्हणतात, तुमच्यापैकी एक जण आम्हाला बळी द्यायला द्या. साधकाने 'वैऱ्याला न्या' म्हटले तर त्याच्या मनातली सीमा मोडली नाही, हे उघडच आहे. पण त्याने 'मला न्या, या तिघांना सोडा' म्हटले, तरी ती मोडली नाही असेच बुद्धघोष म्हणतो. चौघांतला एकही द्यावा असे ज्याला वाटत नाही, त्याचीच सीमा मोडली.

हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. दलितांकडून नेहमी त्यागाची अपेक्षा केली जाते. गावाच्या शांततेसाठी तुम्ही गप्प बसा, पक्षाच्या हितासाठी तुम्ही मागे राहा. मैत्रीची ही कसोटी सांगते की स्वतःला बळी देणे ही मैत्री नव्हे. त्या रांगेत आपण स्वतःही आहोत, आणि इतरांइतकेच मोलाचे आहोत. समतेची याहून काटेकोर व्याख्या शोधूनही सापडणार नाही.

४. जवळचे शत्रू

बुद्धघोषाने प्रत्येक भावनेचा एक दूरचा आणि एक जवळचा शत्रू सांगितला आहे. दूरचा शत्रू ओळखू येतो. जवळचा मित्राच्या वेषात येतो. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष, तर जवळचा आसक्ती. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य, तर जवळचा शोकाकुलता. मुदितेचा दूरचा शत्रू अरती, म्हणजे दुसऱ्याचे चांगले पाहून मन विटणे. जवळचा शत्रू आपल्या लाभापुरता हर्ष. उपेक्षेचे दूरचे शत्रू राग आणि लोभ, तर जवळचा अज्ञानातून येणारी बेफिकिरी.

आपल्या सामाजिक जीवनात या यादीत भर घालावी लागते. करुणेच्या वेषात येथे सर्वाधिक वावरली ती उपकाराची भावना. नोव्हेंबर १९३२ मध्ये बाबासाहेबांनी जहाजावरून ठक्करबाप्पांना लिहिलेले पत्र या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेचे काम कसे असावे, हे त्यांनी त्यात सुचवले. अस्पृश्यांच्या वैयक्तिक सुधारणेपेक्षा पाणवठे, शाळा, रस्ते यांवरील नागरी हक्कांसाठी मोहीम काढा, असा त्यांचा आग्रह होता. त्या पत्राच्या शेवटी ते प्रेमाविषयी बोलतात. स्पृश्य आणि अस्पृश्य यांना कायदा एकत्र बांधून ठेवू शकणार नाही, प्रेमच ठेवू शकेल. मात्र कुटुंबाबाहेर प्रेमाची शक्यता निर्माण होते ती न्यायातून, असा त्यांचा आशय आहे. न्याय आधी, कारण त्याच्याशिवाय प्रेमाला उभे राहायला जमीन नसते. संस्थेने तो मार्ग स्वीकारला नाही, आणि करुणेचे रूपांतर सेवेच्या उपकारात झाले.

मुदितेविषयी मात्र आपण आपल्याकडेच पाहिले पाहिजे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाची शकले मोजणे आता कुणी मनावर घेत नाही. १९७२ साली उभी राहिलेली दलित पँथर १९७४ सालीच फुटली. या फुटींना वैचारिक कारणे होती, बाहेरच्यांचे डावपेचही होते. पण सहकाऱ्याचे नाव पुढे आले की मन विटणे, ही अरतीही तेथे होती, हे कोणताही जुना कार्यकर्ता खासगीत मान्य करील. शेकडो वर्षे ज्यांना मोजकेच मिळाले, त्यांना दुसऱ्याचे मिळणे म्हणजे आपले जाणे वाटावे, हे समजण्यासारखे आहे. तरीही मुदितेचा सराव आपल्याला इतरांहून अधिक हवा. आपल्यातल्या एकाचे पुस्तक निघाले, एकीला पदवी मिळाली, शेजारच्या वस्तीने जमीन सोडवून घेतली, की त्यावर रोज थोडा वेळ मन स्थिर करावे. ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. पण संघटना टिकतात त्या अशाच क्षुल्लक गोष्टींवर.

५. लढ्यातील मैत्री

मैत्री आणि लढा एकत्र कसे नांदतात, याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले. परिषदेला आलेल्यांत सैन्यात नोकरी केलेली माणसे होती. बाबासाहेबांच्या एका शब्दाची ते वाट पाहत होते. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. त्यांनी लोकांना आवरले. पण ते मिटवून घेण्यासाठी कुणाच्या दारी गेले नाहीत. हल्लेखोरांवर खटले झाले, काहींना शिक्षा झाल्या. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचा दावा तर दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकला गेला. सूडाला नकार आणि न्यायाचा पाठलाग, हे दोन्ही एकाच मनाने केले.

उपेक्षेचे उदाहरण म्हणजे नामांतराचा लढा. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांची घरे पेटली. तेथून १४ जानेवारी १९९४ पर्यंत, म्हणजे सुमारे साडेपंधरा वर्षे, लोक मोर्चे काढत राहिले, तुरुंगात जात राहिले. मिळाला तो नामविस्तार. मागितले होते ते तंतोतंत मिळाले नाही. फळाने न डळमळता प्रयत्न चालू ठेवणे म्हणजे काय, हे त्या मोर्च्यांतल्या बायाबापड्यांनी कोणताही ग्रंथ न वाचता दाखवून दिले.

द्वेषाने लढा पेटतो, हे खरे. पण द्वेष शत्रूच्या वागण्यावर अवलंबून असतो. शत्रू गोड बोलला की तो विझतो आणि शत्रू दिसेनासा झाला की आपल्याच माणसांवर वळतो. दहा-पंधरा वर्षे चालणाऱ्या कामाला अधिक टिकाऊ इंधन लागते. मैत्री म्हणजे फिर्याद मागे घेणे नव्हे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार नोंदवणारा माणूस, आरोपीला शिक्षा व्हावी पण त्याच्या मुलाबाळांचे वाईट होऊ नये असे ज्या क्षणी मनापासून म्हणू शकतो, त्या क्षणी तो मैत्रीत असतो. आणि तक्रार तशीच असते.

६. ही साधना कोणी करावी?

शेवटी मूळ संशयाकडे येऊ. मैत्रीचा उपदेश नेहमी खालच्यालाच का? मज्झिम निकायातील ककचूपम सुत्तात याचे उत्तर आहे. अंगाचे तुकडे करवतीने केले तरी मनात द्वेष येऊ देऊ नये, हा त्यातला भाग वारंवार सांगितला जातो. त्याच सुत्तातली काली दासीची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. सावत्थीत वेदेहिका नावाची गृहिणी शांत आणि सौम्य म्हणून प्रसिद्ध होती. तिची दासी काली कामात चोख. कालीच्या मनात आले : बाईंना राग नाहीच, की माझे काम चोख आहे म्हणून तो दिसत नाही? तिने परीक्षा घ्यायचे ठरवले आणि ती उशिरा उठू लागली. पहिल्या दिवशी बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या, दुसऱ्या दिवशी तोंडून अपशब्द निघाले, तिसऱ्या दिवशी दाराचा अडसर कालीच्या डोक्यात बसला. रक्ताने माखलेली काली शेजाऱ्यांपुढे जाऊन उभी राहिली : पाहा, या सौम्य बाईंची करणी!

मैत्रीची परीक्षा येथे दासी घेते आणि मालकीण नापास होते. सवर्ण समाजाची सौम्यता अशीच दलितांच्या चोख कामावर आणि खाली घातलेल्या मानेवर उभी होती. काली उशिरा उठली, तळ्यावर गेली, नाव मागू लागली, की अडसर बाहेर आला.

म्हणून ही साधना करण्याची पहिली जबाबदारी ज्याच्या हाती अडसर आहे त्याची आहे. येल विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात बोलका आहे. कृष्णवर्णीय नसलेल्या आणि बेघर नसलेल्या शंभरएक माणसांचे तीन गट केले. एकाने सहा आठवडे मैत्रीभावनेचा सराव केला, दुसऱ्याने तेवढाच काळ मैत्रीवर चर्चा केली, तिसरा नुसता थांबून राहिला. कृष्णवर्णीय आणि बेघर लोकांविषयीचा मनातला सुप्त पूर्वग्रह कमी झाला तो सराव करणाऱ्यांचा. नुसत्या चर्चेने तसे झाले नाही. प्रयोग लहान आहे, अमेरिकेतला आहे, आणि पूर्वग्रह घटला म्हणून कुणाला घर किंवा जमीन मिळत नाही. तरी समतेवर व्याख्याने देऊन थांबणाऱ्या सवर्ण सुधारकांनी त्याचा विचार करावा.

आणि आपण? आपण ही साधना कुणाच्या सोयीसाठी करायची नाही. स्वतःविषयीची शरम धुऊन काढण्यासाठी, सहकाऱ्याच्या यशाने न विटण्यासाठी, आणि लांबच्या लढ्यात मन करपू नये म्हणून ती करायची. प्रेमाची शक्यता न्यायातून उघडते, असे बाबासाहेबांनी लिहिले. न्याय मिळेल त्या दिवशी त्या शक्यतेला ओळखील असे मन शाबूत असले पाहिजे. सकाळी वीस मिनिटे बसावे, आणि मग उठून कामाला लागावे.